विश्लेषण : शंभर भाषा येणाऱ्या ‘एआय’ला मराठी कितपत कळते?

चॅटबॉट मराठीत छान बोलू लागले आहेत. पण बोलण्याआधी ते कागदपत्रांच्या ढिगातून योग्य कागद शोधतात आणि हा शोध ‘एम्बेडिंग मॉडेल’ नावाचा वेगळाच घटक करतो. तिथे चूक झाली, तर पुढचे अस्खलित मराठी उत्तर चुकीच्या कागदावर बेतलेले असते.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने मोबाइलवर विचारले, ‘वावरात हीर खंदाची हाये, सरकारकडून पैसे भेटते का?’ उत्तर सरकारी कागदांत आहे. शेतकरी अनुसूचित जातीचा असेल तर ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजने’त आहे. अनुसूचित जमातीचा असेल तर ‘बिरसा मुंडा कृषी क्रांती योजने’त. रोजगार हमीतील सिंचन विहिरींचे नियम आणखी वेगळे. मात्र प्रश्नातले ‘वावर’, ‘हीर’, ‘खंदणे’ हे शब्द या कागदांत सहसा सापडणार नाहीत. तिथे ‘नवीन विहिरीकरिता अर्थसहाय्य’ अशी भाषा असते. योजनांच्या नावात तर विहिरीचा उल्लेखही नाही.

गावातल्या कोणालाही हा प्रश्न क्षणात कळेल. यंत्राला तो कळतो की नाही, हे एम्बेडिंगवर ठरते.

एम्बेडिंग म्हणजे काय?

संगणकाला शब्द कळत नाहीत, आकडे कळतात. एम्बेडिंग मॉडेल कोणत्याही वाक्याचे रूपांतर ठरावीक लांबीच्या आकड्यांच्या रांगेत करते. गणिताच्या पुस्तकात तिला सदिश म्हणतात. गुगलच्या ‘लॅबसे’ या मॉडेलमध्ये ही रांग ७६८ आकड्यांची असते, चीनमधील ‘बीजीई-एम३’मध्ये १०२४ आकड्यांची. अक्षांश-रेखांश हे दोन आकडे नकाशावर गावाची जागा दाखवतात, तसे हे शेकडो आकडे अर्थाच्या नकाशावर वाक्याची जागा दाखवतात. नकाशावर सातारा आणि कराड जवळ, नागपूर लांब. तसेच ‘विहिरीसाठी अनुदान’ आणि ‘हीर खंदायला पैसे’ ही वाक्ये जवळ यावीत आणि ‘विहिरीत पडून मृत्यू’ लांब राहावे, अशी अपेक्षा असते.

नकाशा तयार होतो तो उदाहरणांतून. प्रश्न आणि त्याचे उत्तर, मथळा आणि त्याखालची बातमी, इंग्रजी वाक्य आणि त्याचा अनुवाद अशा जोड्या मॉडेलला दाखवल्या जातात. जोडीतील वाक्ये जवळ ओढायची, बाकीची दूर ढकलायची, हे कोट्यवधी वेळा. ‘लॅबसे’ २०२० मध्ये आले तेव्हा त्यासाठी १०९ भाषांतली सुमारे १७०० कोटी सुटी वाक्ये आणि ६०० कोटी अनुवादित जोड्या वापरल्या गेल्या. त्या यादीत मराठी आहे. पण यादीत असणे आणि वाटा मिळणे यात फरक आहे. अशा मॉडेलांचे बहुतेक खाद्य इंटरनेटवरून येते. इंग्रजी विकिपीडियावर ७० लाखांच्या आसपास लेख आहेत, मराठीवर लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक नोंदले गेले. बोलणाऱ्यांची संख्या आणि इंटरनेटवरचा मजकूर यांचा असा काडीमोड झालेला आहे.

मराठीला याची गरज जास्त का?

जुन्या पद्धतीचा शोध अक्षरे जुळवतो. इंग्रजीत तेवढ्याने बरेच भागते, कारण अनेकवचन झाले तरी बहुतेक शब्दांचे मूळ शाबूत राहते. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते आणि शब्द आतूनच बदलतो. ‘विहीर’ला ‘साठी’ लागला की ‘ही’ऱ्हस्व होऊन ‘विहिरीसाठी’ बनते. ‘कापूस’चे ‘कापसाला’, ‘पाऊस’चे ‘पावसाने’, ‘शेततळे’चे ‘शेततळ्यासाठीच्या’. अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला हे सगळे वेगवेगळे शब्द वाटतात. शाळेत व्याकरणाच्या तासाला नकोसा झालेला हा विषय इथे थेट अनुदानापर्यंत पोहोचतो.

त्यात लिखाणाची तऱ्हा. ‘ॲप’ हा शब्द संगणकावर तीन प्रकारे लिहिला जातो. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, ‘अ’वर चंद्र ठेवून, किंवा जुन्या कळफलकांवरचे ‘ऍ’ वापरून. पहिले दोन स्क्रीनवर बहुधा सारखेच दिसतात, पण आत साठवलेले संकेतांक वेगळे असतात. ‘दऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चेही असेच दोन प्रकार आहेत. मजकूर मॉडेलकडे पाठवण्याआधी हे सारे एका साच्यात आणणे हे काही दिवसांचे काम आहे, तरीही ते अनेकदा केले जात नाही.

मग ‘सातबारा’ घ्या. लोक ‘सातबारा’ लिहितात, ‘सात बारा’ लिहितात, ‘७/१२’ लिहितात, नुसते ‘उतारा’ही म्हणतात. इंग्रजी मजकुरावर वाढलेल्या मॉडेलला ७/१२ ही तारीख वाटू शकते किंवा अपूर्णांक. ‘उतारा’ म्हणजे पुस्तकातला परिच्छेद, विषावरचा इलाज आणि जमिनीचा दाखलाही. सरकारने तलाठ्याला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ केले आहे. नवे कागद तसे निघतील, लोक तलाठीच म्हणत राहतील. या दोन टोकांना जोडणे हेच एम्बेडिंगचे काम आणि म्हणूनच मराठीसारख्या भाषेला त्याचा उपयोग इंग्रजीपेक्षा जास्त.

‘मूल’चे ‘मल’ कसे झाले?

गुगलने २०१८ मध्ये ‘बर्ट’ हे भाषा मॉडेल आणले. त्याच्या बहुभाषिक आवृत्तीपासून पुढच्या अनेक एम्बेडिंग मॉडेलांची परंपरा सुरू होते. या आवृत्तीच्या पहिल्या रूपात १०२ भाषा होत्या आणि त्यांत मराठीही होती. मजकूर सोपा व्हावा म्हणून त्यात कॅपिटल अक्षरे छोटी केली जात आणि अक्षरांवरची चिन्हे काढून टाकली जात. फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये अक्षरावरचे चिन्ह गेले तरी शब्द ओळखू येतो. पण युनिकोडच्या वर्गवारीत देवनागरीचे उकार, ‘ए’ची मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच प्रकारच्या चिन्हांत मोडतात. परिणामी ‘मूल’, ‘मुले’ आणि ‘मेल’ या तिन्हींचे ‘मल’ होऊन जात होते.

गुगलने लवकरच १०४ भाषांची सुधारित आवृत्ती दिली आणि तीच वापरावी असे सांगितले. जुनी चूक आज उगाळण्याचे कारण एवढेच, की ‘मराठी समर्थित’ असे लिहिलेल्या मॉडेलमध्येही मराठीचे उकार गाळले जात होते आणि यादी वाचून ते कोणालाही कळले नसते. कोणीतरी चार मराठी शब्द आत टाकून बाहेर काय येते ते पाहिले असते, तर पाच मिनिटांत कळले असते.

दुसरी अडचण तुकड्यांची. मॉडेल मजकूर ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांत तोडते. कोणते तुकडे ठेवायचे हे प्रशिक्षणातल्या मजकुरावरून ठरते, त्यामुळे इंग्रजीचे नेहमीचे शब्द अख्खे राहतात आणि मराठी शब्दांच्या चिंध्या होतात. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की एकाच मजकुराचे वेगवेगळ्या भाषांतील अनुवाद घेतले, तर तुकड्यांची संख्या काही भाषांत १५ पटींपर्यंत जास्त भरते. याचा फटका पैशांत बसतोच, कारण अनेक सेवा टोकनमागे दर लावतात. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या ‘ई-५’ मालिकेतील बहुभाषिक मॉडेल एका वेळी ५१२ टोकनच वाचते. त्यात इंग्रजी परिपत्रकाचा जेवढा भाग मावतो, तेवढा मराठी शासन निर्णयाचा मावत नाही. अटी-शर्ती मात्र बहुधा शेवटच्या पानावर असतात.

हिंदीची सोबत फायद्याची की तोट्याची?

बहुभाषिक मॉडेलमागची कल्पना चांगली आहे. ज्या भाषेत मजकूर कमी, तिला शेजारच्या भाषेचा आधार मिळतो. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक, हजारो शब्द समान. हिंदीतून शिकलेले बरेच काही मराठीला फुकटात मिळते आणि हा लाभ खरा आहे.

पण समान लिपीतले सगळेच शब्द समान अर्थाचे नसतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड, मराठीत पद सोडणे. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे. ‘संसार’ हिंदीत जगाएवढा, मराठीत घरापुरता. लांब वाक्यात आजूबाजूच्या शब्दांवरून मॉडेल अर्थ ताडू शकते. मात्र शोधताना कोणी लांब वाक्ये लिहीत नाही. ‘शाळेत मुलाला शिक्षा तक्रार’ असे चार शब्द एखाद्या आईने टाइप केले, तर तिला शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ हवे आहे. त्यात शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी आहे. हिंदीच्या वजनाने नकाशा झुकलेला असेल, तर तिच्यासमोर प्रवेशाच्या तक्रारींची माहिती येऊ शकते.

फेसबुकच्या संशोधकांनी ‘एक्सएलएम-आर’ या १०० भाषांच्या मॉडेलवर काम करताना याच्याशी जोडलेली एक मर्यादा मांडली होती. मॉडेलचा आकार तोच ठेवून भाषा वाढवत गेले, तर सुरुवातीला कमी मजकुराच्या भाषांना फायदा होतो आणि एका टप्प्यानंतर सगळ्यांचीच गुणवत्ता घसरू लागते. त्यांनी याला बहुभाषिकतेचा शाप म्हटले. एका खोलीत किती बिऱ्हाडे राहतील, असा तो प्रश्न आहे. जाहिरातीत मात्र बिऱ्हाडांचीच संख्या सांगितली जाते.

यावर एक पळवाट आहे. प्रश्न आधी इंग्रजीत अनुवादित करायचा, इंग्रजीत शोधायचे आणि उत्तर परत मराठीत आणायचे. २०२३ मध्ये गाजलेल्या ‘जुगलबंदी’ या सरकारी योजनांच्या चॅटबॉटची रचना साधारण अशी होती. सुरुवातीला हा मार्ग व्यवहार्य होताच. पण महाराष्ट्रातले मूळ कागद मराठीत, विचारणारा मराठीत, मधला प्रवास मात्र इंग्रजीतून. ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेचे नाव या प्रवासातून कोणत्या रूपात परत येईल, हे सांगता येत नाही.

शोध चुकला, हे कळते कसे?

बहुधा कळतच नाही आणि या तंत्रज्ञानातली सर्वात काळजीची बाब हीच आहे. अक्षरे जुळवणारा शोध फसला की स्क्रीनवर ‘काहीही सापडले नाही’ असे येते. माणूस शब्द बदलून पाहतो किंवा कार्यालय गाठतो. एम्बेडिंगच्या नकाशावर मात्र ‘सर्वात जवळचे’ असे काहीतरी नेहमीच असते. प्रश्न कळला नाही तरी पाच कागद पुढे केले जातात. मग भाषा मॉडेल त्या कागदांवरून नेटक्या मराठीत उत्तर रचते. अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याला अनुसूचित जातीसाठीच्या योजनेची कागदपत्रे जमवायला सांगणारे उत्तर व्याकरणाने निर्दोष असू शकते. त्याचा हंगाम मात्र निघून गेलेला असतो.

नकार ओळखण्यातही ही मॉडेले कच्ची आहेत. ‘पात्र शेतकऱ्यांची यादी’ आणि ‘अपात्र शेतकऱ्यांची यादी’ यांचा विषय एकच असल्याने नकाशावर ती शेजारी येतात. ही खोट इंग्रजीतही आहे, पण इंग्रजीत ती मोजणाऱ्या चाचण्या मुबलक आहेत. म्हणून जाणकार मंडळी अक्षरजुळणी आणि एम्बेडिंग दोन्ही एकत्र वापरतात आणि जवळीक ठरावीक मर्यादेपेक्षा कमी भरली तर ‘माहिती सापडली नाही’ असे स्पष्ट सांगण्याची सोय ठेवतात. ही मर्यादा मराठीसाठी कुठे ठेवायची, हे मराठी प्रश्नांवर तपासल्याशिवाय ठरवता येत नाही.

चाचण्या कोणाच्या भाषेत?

एम्बेडिंग मॉडेलांची तुलना करणारा ‘एमटीईबी’ हा चाचणीसंच २०२२ मध्ये आला. २०२५ मध्ये त्याचा विस्तार २५० हून अधिक भाषा आणि ५०० हून अधिक चाचण्यांपर्यंत झाला. त्यात भारतीय भाषांचा वेगळा विभागही आहे. त्यातून एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. बहुभाषिक कामांत सर्वांसाठी खुल्या असलेल्या मॉडेलांपैकी अव्वल ठरलेले मॉडेल अवघ्या ५६ कोटी पॅरामीटरचे होते, कित्येक अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलांपेक्षा खूप लहान. म्हणजे हे काम फक्त महाकाय कंपन्यांनीच करावे, असे नाही.

पुण्यात त्याचा पुरावाही आहे. ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा ‘महाकॉर्पस’ खुला केला. त्यावर ‘महाबर्ट’ आणि पुढे वाक्यांसाठीचे ‘महाएसबर्ट’ ही मॉडेले तयार केली. तुलनेने सोप्या पद्धतीने घडवलेली ही मॉडेले वाक्यांतील साम्य ओळखण्यात ‘लॅबसे’ला मागे टाकतात, असे त्यांच्या शोधनिबंधात नोंदवले आहे. मात्र त्यासाठी वापरलेल्या जोड्या इंग्रजीतून यंत्राने अनुवादित केलेल्या होत्या. तयार मराठी जोड्या नसताना दुसरे काय करणार? पण अशा संचात अमेरिकी छायाचित्रांचे वर्णन करणारी वाक्ये मराठीत येतात. ‘सातबारा’, ‘फेरफार’, ‘पैसेवारी’ त्यात येत नाहीत.

यादीबाहेरच्या भाषांचे काय?

मराठीची ही स्थिती असेल तर इतरांची कल्पना करता येते. मेटाने २०२२ मध्ये अनुवादासाठी २०० भाषांचे मॉडेल आणले. त्यात मगही होती, अवधी होती. गोव्याची राजभाषा आणि १९९२ पासून आठव्या अनुसूचीत असलेली कोकणी नव्हती. कोकणीची अडचण फक्त मजकुराची नाही. ती देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम आणि फारसी-अरबी अशा लिप्यांत लिहिली गेली आहे. मडगावचा रोमी मजकूर आणि मंगळूरचा कन्नड लिपीतला मजकूर एकाच भाषेचे आहेत, हे मॉडेलला कोणीतरी शिकवावे लागते. मद्रास आयआयटीतील ‘एआयफोरभारत’ने २०२३ मध्ये सर्व २२ अनुसूचित भाषांचे अनुवाद मॉडेल आणि चाचणीसंच खुले केले, तेव्हा देवनागरी कोकणीला निदान मोजपट्टी मिळाली.

अनुसूचीबाहेर तर तेवढेही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भिली बोलणारे १ कोटी ४ लाख, गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख, अहिराणीचा समावेश असलेल्या खान्देशी गटात १८ लाख ६० हजार, कोरकू बोलणारे ७ लाख २७ हजार. संस्कृतला मातृभाषा म्हणणारे २४ हजार ८२१. संस्कृत अनेक बहुभाषिक मॉडेलांच्या यादीत आहे, भिली नाही. कारण उघड आहे. मॉडेल माणसे मोजत नाही, मजकूर मोजते. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडीसाठी ‘आदि वाणी’ हे अनुवादाचे ॲप चाचणी स्वरूपात आणले, ही चांगली सुरुवात. धडगाव किंवा धारणीच्या माणसाला शोधाची सोय मात्र अजून दूर आहे.

सरकारने आधी काय विचारावे?

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरणाला मंजुरी दिली. इतर खात्यांतही चॅटबॉटची हौस वाढते आहे. विरोध करण्याजोगे त्यात काही नाही. फक्त निविदेत ‘मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध’ एवढी ओळ पुरेशी मानू नये. कंपनीने प्रात्यक्षिकात विचारलेले प्रश्न प्रमाण मराठीत आणि आधी पाठ करून आणलेले असतात. त्याऐवजी सरकारनेच विदर्भ, मराठवाडा, खान्देश आणि कोकणातल्या माणसांचे दोन हजार खरे प्रश्न आणि त्यांचे उत्तर असलेला नेमका कागद असा संच तयार करावा. दहा प्रश्नांत किती वेळा योग्य कागद पहिल्या तिनात आला, हा आकडा कंत्राटाआधी जाहीर करावा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्यानिमित्ताने होणाऱ्या खर्चातला अगदी छोटा वाटा यासाठी पुरेल.

मजकुराचेही तसेच. जुन्या फाँटमधली परिपत्रके आजही कॉपी केली की निरर्थक चिन्हे येतात. कित्येक पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये शुद्ध मजकूर करून खुले केले, तर पुण्यातल्या विद्यार्थ्यांपासून परदेशी कंपन्यांपर्यंत सगळ्यांचीच मॉडेले सुधारतील.

प्रश्न गोळा करणे अवघड नाही. किसान कॉल सेंटरवर शेतकरी वर्षानुवर्षे फोन करत आहेत आणि त्या नोंदी केंद्राच्या खुल्या संकेतस्थळावर आहेतही. पण त्या ऑपरेटरने टाइप केलेल्या, बहुतांशी इंग्रजीतल्या तुटक ओळी आहेत. शेतकऱ्याने विचारले ते त्याच्या शब्दांत उरलेले नाही. नवा संच करताना तलाठी कार्यालयात, कृषी सहायकाकडे किंवा सेतू केंद्राच्या खिडकीवर प्रश्न जसा आला तसा लिहून घ्यावा लागेल. ‘हीर’ला ‘विहीर’ करून नव्हे.